जॉब ररतोय

नानांना कुठल्याही वस्तूवर बोटाचं पेर वाजवून बघायची सवय होती. कलिंगड सगळेच वाजवून घेतात. नाना डबा, दार, पाण्याची टाकी, शेठच्या नव्या गाडीचं बॉनेट, सगळंच वाजवायचे. टक् टक् करायचं, मान तिरकी करून ऐकायचं आणि निकाल द्यायचा. जेवणाच्या सुट्टीत माझ्या बंद डब्यावर टक् करून म्हणायचे, "आज भाजी पातल हाय गो तुजी." आणि ती पातळच असायची. सकाळी आंबलेल्या हातांनी केलेली भाजी दुसरी कशी होणार.

नाना आता कारखान्यात येत नाहीत. त्यांच्याबद्दल कुणाशी तरी बोलावं असं वाटतं, पण मला बोलणं जमत नाही. चार माणसं समोर असली की घसा आपोआप बंद होतो. लिहिणं त्या मानानं बरं. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण अक्षर सुटलं नाही. हे वाचणारं कुणी नाही, म्हणून चुकांची भीती नाही.

आमचा कारखाना म्हणजे शिरवण्याजवळच्या एमआयडीसीतला एक गाळा. वर पत्रे, पुढे शटर, आत चार मशीन. माझं काम शेवटचं. मशीनवरून उतरलेल्या धातूच्या तुकड्याला कडेनं बारीक काटे राहतात, त्याला बर म्हणतात. ते कानशीनं काढायचे, तुकडा धुवायचा, पुसायचा आणि कागदात बांधायचा. दिवसभर उभ्यानं. मशीनवर जे पांढरं पाणी सोडतात त्यानं बोटांची सालं निघतात. संध्याकाळी घणसोलीच्या खोलीवर परत गेलं की आधी भिंतीला पाठ टेकून नुसतं बसावं लागतं, मग गॅस पेटवायचा.

नाना मिलिंग मशीनवर होते. मिलिंग म्हणजे धारदार कटर गरागरा फिरतो आणि खाली घट्ट धरलेला तुकडा तासत जातो. त्या तुकड्याला कारखान्यात जॉब म्हणतात. हे मला नंतर समजलं. पहिल्या आठवड्यात मला काहीच माहीत नव्हतं. मी कोपऱ्यात मान खाली घालून कानस घासत होते, आणि एकदम नानांचा आवाज आला, "अरे ररतोय तो! ऐकू नाय येत? ररतोय किती!"

मी दचकले. त्यांच्या शिरवण्याच्या आगरी बोलीत ड चा र होतो हे मला एव्हाना कळलं होतं. गाडीला गारी, वेड्याला येरा. म्हणजे कुणीतरी रडत होतं. मी मान वर करून इकडं तिकडं पाहिलं. कुणीच रडत नव्हतं. संतोष मशीनपाशी उभा होता, हा कोकणातला, लग्न झालेला, पोरंबाळं असलेला माणूस, त्याचे डोळे कोरडेच होते. नानांनी माझ्याकडं पाहिलं आणि हसले.

"काय बघतेस? मानूस नाय ररत. जॉब ररतोय. कान दे."

मी कान दिला. मशीनमधून आवाज येत होता, ररररर असा, दातांत शिरणारा. तासताना जॉब थरथरत होता आणि त्या थरथरीचा तो आवाज होता. नानांच्या बोलीतला शब्द आणि तो आवाज एकच होते. जॉब थरथरला की त्याच्या अंगावर बारीक लाटा उठतात, खाडीच्या पाण्यावर वारा आल्यावर उठतात तशा. मग तो भंगारात. संतोष आणि शेठ त्याला इंग्रजीत काहीतरी म्हणत. मी मनात कायम ररणंच म्हटलं.

त्या दिवशी मी एक शब्दही बोलले नाही म्हणून नानांनी माझं नाव मुकी ठेवलं. "ए मुके, पानी दे." "मुके, जेवलीस?" सुरुवातीला वाईट वाटायचं. एकदा संतोषनं मला गमतीनं त्याच नावानं हाक मारली, तर नाना त्याच्यावर खेकसले, "तिला नाव हाय ना? सुनंदा म्हन." त्यानंतर वाईट वाटणं थांबलं.

नाना गरीब स्वभावाचे होते असं मी लिहिणार नाही. भारी गर्व होता त्यांना. दुसऱ्यानं केलेलं सेटिंग त्यांना कधी पसंत पडलं नाही. शेठनंही कधी पाना हातात घेतला तर नाना तोंड फिरवून तंबाखू मळत बसायचे. चहा गार झाला की मशीनवर उडणाऱ्या धातूच्या गरम किसाजवळ कप ठेवायचे, कण आत पडले तर "कारखान्याची साखर" म्हणून तो चहा प्यायचेही. आणि चूक झाली की आधी गप्प व्हायचे, मग दुसरं काहीतरी वाजवून बघायचे.

पण जॉब धरणं त्यांच्याकडून बघावं. संतोष व्हाइसच्या लोखंडी जबड्यात जॉब ठेवायचा आणि हँडलला लोंबकळून आवळायचा. "टेन्शन नका घेऊ नाना, फुल टाइट मारलाय."

"म्हनूनच ररतोय," नाना म्हणायचे. "धर त्याला. आवलू नको. आवललास त जागेवर गप बसंल, पन सोरलास का वाकरा व्हईल."

आणि तसंच व्हायचं. पातळ पत्र्याचा जॉब आवळून तासला की धरलेला असेपर्यंत सपाट दिसायचा. सोडला की बाक यायचा. नाना व्हाइस ढिला करायचे, जॉबच्या खाली कुठंतरी एक छोटा स्क्रू उभा करायचे आणि तो फिरवून वर आणायचे. त्याला ते टेकू म्हणत. टेकू जॉबला लागला पाहिजे, पण त्यानं जॉबला रेटता कामा नये. लागला की नाही हे ते डोळ्यांनी बघत नसत. जॉबवर पेर वाजवायचे. टण. थोडा फिरव. टण. आणखी थोडा. टप. "लागला." मग मशीन सुरू. असे तीन-चार टेकू, प्रत्येक जॉबला वेगळ्या जागी. वेळ लागायचा. शेठ घड्याळ बघायचे, नाना बघायचे नाहीत.

त्यांच्या घरीही सगळीकडे टेकूच होते. एकदा हळदीकुंकवाला त्यांच्या सुनेनं बोलावलं म्हणून मी शिरवणे गावात गेले. जुन्या घराच्या जागी मुलानं चार मजली इमारत बांधली होती. वर भाडेकरू, खाली नाना. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. फ्रिजच्या एका पायाखाली सायकलच्या ट्यूबची घडी होती. पाण्याच्या पंपाखाली चपलांचे तळ कापून ठेवले होते. सून म्हणाली, "काय सांगू ताई, वरच्यांची तक्रार आली नव्हती. नानाच झोपत नव्हते. पंप ररतो, पंप ररतो." नाना पलीकडे खुर्चीवर बसलेले होते. टीव्ही चालू होता, त्यांचं लक्ष नव्हतं. मला म्हणाले, "आयतवार सरत नाय गो. घरात बसून काय करू? भिंती वाजवू?"

परत निघाले तेव्हा देवळात भजन सुरू व्हायचं होतं. नाना माझ्या पुढे निघाले, मला वाटलं दर्शनाला चालले. तर ते सरळ आत जाऊन पखवाज मांडीवर घेऊन बसले. कारखान्यात इतकी वर्षं, आणि हे मला माहीत नव्हतं. त्यांनी वाटीतली मळलेली कणीक घेतली, पखवाजाच्या डाव्या तोंडावर थापली, अंगठ्यानं पसरली. थाप मारून ऐकलं. चिमूटभर काढली. परत ऐकलं. चामड्याला कणीक लावली की आवाज झणझणत नाही, घुमून जागेवर बसतो. त्यांचा चेहरा कारखान्यात जॉब धरताना असायचा तसाच होता. मी दारातूनच बघितलं आणि आले.

या कणकेनंच पुढं घोळ केला.

शेठना एका कंपनीचं नवं काम मिळालं होतं. दवाखान्यातल्या कुठल्याशा यंत्रात बसणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या तबकड्या. कडा जाड, मधला भाग पापडासारखा पातळ. तो आरशासारखा गुळगुळीत हवा होता. नानांनी टेकू लावले, काढले, परत लावले. तबकडी काही केल्या गप होईना. टेकूच्या वर शांत राहायची, दोन टेकूंच्या मध्ये ररायची. भंगाराचा डबा भरत चालला. संतोष म्हणाला, "नाना, हे जॉब नाय, बाळ आहे. मांडीवर घ्या." नाना हसले नाहीत. संध्याकाळी मी हात धूत होते तेव्हा माझ्यापाशी आले.

"मुके, उद्या येताना कनीक आन. मललेली. लारवाएवरी."

"कणीक?"

"मीठ घालू नको. तेल बी नको. घट्ट मल."

मला वाटलं देवळासाठी हवी असेल. सकाळी डब्यात घालून आणली. नानांनी ती तबकडीच्या पाठीला थापली, टेकूंच्या मधल्या जागेत, अंगठ्यानं दाबत दाबत, अगदी देवळात केलं तसं. पेर वाजवलं. टणचा टप झाला. मग तबकडी उलटी करून टेकूंवर ठेवली, धरली आणि मशीन सुरू केलं.

मी कान झाकायच्या तयारीत होते. आवाज आलाच नाही. नुसता स्स्स असा, तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा. तबकडी बाहेर आली तेव्हा तिच्यात नानांचा चेहरा दिसत होता, मिशीसकट. संतोषनं त्यांच्या पायांना हात लावला. नाना म्हणाले, "माज्या नको लागू. हिच्या लाग, मलली तिनी."

पुढचे काही दिवस मी रोज दोनदा कणीक मळायचे, एकदा पोळ्यांची, एकदा कारखान्याची. थकवा होताच, पण त्या दिवसांत मशीनचा आवाज गोड लागायचा.

मग नानांच्या पुतण्याची हळद आली. इथल्या गावांत लग्नापेक्षा हळद मोठी. नानांना वाजवायला बसायचं होतं, दुपारपासून घरून फोन येत होते. ते घाईत निघाले. तयार झालेल्या तबकड्यांच्या पाठीवरची कणीक तशीच राहिली. दुसरा दिवस सुट्टीचा होता आणि त्याला जोडून सणही आला. गाळा बंद, वर पत्रे तापलेले.

शटर उघडलं तेव्हा आत आंबूस वास होता. उंदरांनी मेजवानी केली होती. काही तबकड्या त्यांनी खाली पाडल्या होत्या, काहींवर लेंड्या. ज्यांची कणीक उंदरांच्या हातून सुटली होती, त्यांच्यावरची मी खरवडून काढली. खाली काळे डाग पडले होते, पोळी करपल्यावर पडतात तसे. घासले, साबण लावला, काही गेलं नाही. कंपनीनं त्या तबकड्या घेतल्या नाहीत, आणि पुन्हा असं झालं तर काम दुसरीकडे देऊ असं सांगितलं.

शेठ नानांवर कधी ओरडत नसत. त्या दिवशी ओरडले. "नाना, हा कारखाना आहे का पोळी-भाजी केंद्र?"

नाना स्टुलावर बसले. समोरचं काहीच वाजवलं नाही. माझ्याकडं बघून म्हणाले, "पखवाजाची कनीक भजन उठला का मी खरवरून कारतो. कंदी विसरलो नाय. जल्मात नाय. हिथं कसा विसरलो?" मी फरशी पुसायला घेतली.

तेव्हा प्राजक्ता मॅडम पुढं आल्या. शेठची मुलगी, इंजिनिअर. लग्न होऊन उलव्याला राहायच्या आणि स्कूटरवरून कारखान्यात यायच्या. नानांनी त्यांना फ्रॉकमध्ये पाहिलेलं, म्हणून ते प्राजूच म्हणत. त्यांनी एक डागाळलेली तबकडी उचलली आणि उलटी केली.

"बाबा, ही बाजू बघा ना. असं काम आपल्याकडे आधी झालं होतं का? नानांचं चुकलं नाही. फक्त कणीक नको, दुसरं काहीतरी पाहिजे."

मग त्यांनी आपली कल्पना सांगितली. मी फरशी पुसत होते, सगळं ऐकलं. एक पोलादी पाट करायचा. त्याला खाचा, खाचांत सरकणारे सहा टेकू. जॉब मोठा असो वा लहान, टेकू सरकवून त्याच्याखाली आणायचे. प्रत्येक टेकूच्या पोटात स्प्रिंग, डोक्यावर रबराची टोपी. स्प्रिंग टेकूला आपोआप वर उचलेल आणि जॉबला लागेल तिथं तो थांबेल. मग बाजूचा स्क्रू फिरवून त्याला तिथंच पक्का करायचा. वर रबर असल्यानं जॉब झणझणणार नाही. वाजवून बघायला नको, कान लावायला नको.

"म्हणजे कुणीही लावलं तरी चालेल," शेठ म्हणाले.

"हो. कुणीही."

"मग नाना, हे तुम्हीच करा. तुमच्याइतकं चांगलं कोण करणार?" शेठचा राग उतरला होता. त्यांनी नानांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमचे गुडघे बघवत नाहीत आता मला. किती वर्षं उभं राहायचं माणसानं? एवढं झालं की संतोष बघेल सगळं. तुम्ही घरी आराम करा."

शेठनं हे मायेनं म्हटलं, त्यात खोट नव्हती. नानांचे गुडघे खरंच गेले होते. जेवायला खाली बसले की उठताना मशीनचा आधार घ्यावा लागायचा. नानांनी समोरच्या टेबलावर पेर वाजवलं. टक् टक्. मान तिरकी करून ऐकलं. पण निकाल दिला नाही.

कामाला मात्र लागले. पाट झाला. खाचा झाल्या. पहिल्या स्प्रिंगा फार दांडग्या निघाल्या, जॉबला खालून रेटायच्या आणि पातळ तबकडी मध्ये फुगायची. प्राजक्ता मॅडमनी गणित करून हलक्या स्प्रिंगा आणल्या. नानांनी त्या दाबून बघितल्या, एकेक बाजूला टाकली आणि शेवटी एक हातात ठेवली. "ही. ही लागते पन ढकलत नाय." मॅडमनी तीच सांगितलेली होती. दोघं एकमेकांकडं बघून हसले.

एकेक करून पाच टेकू बसले. सहाव्याची जागा रिकामी होती.

"नाना, सहावा कधी?"

"एक टेकू बाकी हाय, प्राजू. घाई केली त वाकरा व्हईल."

दुसऱ्या दिवशीही तेच. "एक टेकू बाकी हाय." शेठनं विचारलं तरी तेच. आठवडा गेला, आणखी दिवस गेले. नाना सकाळी यायचे, कापड घेऊन पाट पुसायचे, पाचही टेकू दाबून बघायचे, मग दारातल्या स्टुलावर बसायचे. कधी कुठला कटर धार लावायला घ्यायचे आणि तसाच ठेवायचे. प्राजक्ता मॅडम दिवसातून एकदाच विचारायच्या. उत्तर आलं की "बरं" म्हणायच्या आणि निघून जायच्या. मला वाटतं त्यांना कळलं होतं.

मलाही दिसत होतं. मी कोपऱ्यातून सगळंच बघते. नाना चहाला बसले की त्यांचा हात शर्टाच्या खिशात जायचा आणि बराच वेळ तिथंच राहायचा. तंबाखूची पिशवी त्या खिशात असायची, पण तंबाखू ते बाहेर काढत नसत.

शेवटी कंपनीनं तबकड्यांसाठी घाई केली. शेठ म्हणाले, पाच टेकूंवर होईल तेवढं करा. संतोषनं तबकडी पाटावर ठेवली. मॅडम त्याच्या शेजारी उभ्या. पाच टेकू वर आले, पक्के झाले. मशीन सुरू झालं. स्स्स, स्स्स, आणि मग कटर त्या रिकाम्या कोपऱ्यावर आला.

ररररर.

नाना दारात बशीतून चहा पीत होते. बशी तोंडापाशीच थांबली. संतोषनं वेग कमी केला. आवाज बारीक झाला, थांबला नाही. दुसरी तबकडी घेतली. परत त्याच कोपऱ्यावर तेच. नानांनी डोळे मिटले. बशीतल्या चहावर बारीक बारीक लाटा उठलेल्या मला दिसल्या. तिसरी तबकडी लागली आणि पुन्हा तो आवाज सुरू झाला, तसे नाना उठले. उठताना चौकट धरली.

"बंद कर. बंद कर रे, ररवू नको त्याला."

संतोषनं बटण दाबलं. नाना आले, खिशात हात घातला आणि तंबाखूच्या पिशवीबरोबर सहावा टेकू बाहेर काढला. टोपीसकट, स्प्रिंगसकट, पूर्ण झालेला. इतका हाताळलेला की बाकीच्या पाचांपेक्षा तो जास्त चमकत होता.

"आयला नाना, हा तर रेडी होता!" संतोष म्हणाला.

"आता झाला," नाना म्हणाले.

त्यांनी तो जागेवर बसवला. मॅडमनी टॉर्च धरली. नाना मागे सरकले आणि माझ्याकडं वळले.

"मुके, इकरे ये. तू लाव जॉब."

माझे हात ओले होते. सगळे माझ्याकडं बघत होते. "मला नाही येत, नाना."

"नाय येत म्हनूनच लाव. तुला जमला त कुनाला बी जमंल."

मी पदराला हात पुसले. तबकडी ठेवली. टेकू सरकवले. एकेकाचा स्क्रू ढिला केला, तो हळूच वर आला आणि तबकडीला लागला. एकेक स्क्रू फिरवून पक्का केला. नानांनी माझ्याकडं पाठ केली होती, माझ्या हातांकडं त्यांनी एकदाही बघितलं नाही. जॉबला वरून धरणारे बोटासारखे क्लॅम्प होते, तेही लावले. संतोषनं मशीन सुरू केलं.

स्स्स. कटर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेला. त्या कोपऱ्यावरून गेला. परत आला.

नाना पाठमोरेच होते. म्हणाले, "मुके, ररतोय का?"

इतक्या वर्षांत त्यांनी हे कुणाला विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. तेच सगळ्यांना सांगायचे. त्यांना ऐकू येत नव्हतं असं नाही, त्यांना उंदराचंही ऐकू यायचं. मला वाटलं हो म्हणावं. एकदाच हो म्हणावं. पण सगळे ऐकत होते, आणि मशीनही खरं बोलत होतं.

"नाही," मी म्हटलं.

"मंग झाला," नाना म्हणाले, आणि स्टुलावरची बशी उचलून धुवायला गेले.

महिना संपताना शेठनं त्यांना शाल आणि नारळ दिला. चांगलं बोलले शेठ. नानांनी नारळावर पेर वाजवलं, मान तिरकी केली. "पानी कमी हाय शेठ." सगळे हसले. नाना शाल खांद्यावर टाकून गेटपर्यंत गेले, तिथं रिक्षात बसायला त्यांना वेळ लागला. पाटाला नाव पडलं नानांचा पाट. कंपनीचं काम टिकलं. आता संतोष दोन मशीन बघतो, म्हणून जॉब लावायचं काम माझ्याकडं आलंय. उभं राहणं तेवढंच आहे, बोटांची सालं तेवढीच निघतात.

नानांना शेवटचं पाहिलं ते परवा. दुपारची वेळ होती. ऊन आत येतं म्हणून शटर कमरेपर्यंत ओढलेलं होतं. मी तबकडी लावली, मशीन सुरू झालं, आणि सहज बाहेर नजर गेली. शटरखाली दोन पाय दिसले. जुन्या चपला, लेंगा, एक गुडघा किंचित वाकलेला. शटरची एक पट्टी गंजून फाटलीय, त्या फटीतून चार बोटं आत आली होती आणि पत्र्याला टेकून होती. आवळलेली नव्हती, नुसती टेकलेली.

नाना शटरला हात लावून ऐकत होते. आत मशीन ररलं तर शटरला कळतं, सगळ्या गाळ्यालाच कळतं.

माझा हात पाटाजवळच होता. सहावा टेकू समोर होता. अर्धा फेरा ढिला केला असता तर तबकडी लगेच ओरडली असती, आणि नाना वाकून शटरखालून आत आले असते. "अरे ररतोय तो! ऐकू नाय येत?" म्हणाले असते. संतोषनं स्टूल दिलं असतं, मी चहा दिला असता. पण आत आल्याबरोबर त्यांनी जॉबवर पेर वाजवलं असतं, आणि तो अर्धा फेरा कुणाचा हे त्यांना टक् करताच कळलं असतं. मग त्यांनी माझ्याकडं कसं बघितलं असतं, ते मला सोसलं नसतं.

मी हात मागे घेतला. मशीन स्स्स करत चालत राहिलं. बोटं तशीच होती. एक तबकडी पूर्ण झाली. मी ती काढली, दुसरी लावली, टेकू पक्के केले. सगळं शांत. मान वर करून बघितलं तेव्हा फटीतून नुसतं ऊन आत येत होतं.